मैदान सुटतं, खुराक सुटत नाही

मराठीत ‘सुटणं’ हे मोठं गमतीचं क्रियापद आहे. शाळा सुटते, गाडी सुटते, व्यसन सुटतं आणि पोटही सुटतं. तालीम सोडून चार वर्षं झालेल्या माणसाला बघून कुणी ‘पैलवान सुटला’ म्हणालं, तर कुठल्या अर्थाने, असं विचारावं लागत नाही. दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे असतात.

वजन या विषयावर एका कवीने बोलावं याचं काहींना नवल वाटेल. गझल लिहिणाऱ्याला वजनाची काळजी रोजचीच असते, पण ते वजन वेगळं. आज बोलायचं आहे ते काट्यावरच्या वजनाबद्दल, आणि तेही सरसकट सगळ्यांच्या नव्हे. जे नियमाने खेळत होते, कसरत करत होते आणि काही कारणाने थांबले, त्यांच्या वजनाबद्दल. तरुणपणी मी मोहल्ल्याच्या संघातून कबड्डी खेळलो आणि पुढे बरीच वर्षं संध्याकाळी मुलांबरोबर मैदानावर उभा राहिलो. माझा अधिकार तेवढाच. बाकीचं वाचून आणि डॉक्टरांना विचारून मिळवलेलं आहे.

आधी एक समजूत दूर करू. ‘कसरत सोडली की अंगातल्या मांसाची चरबी होते’ असं आपल्याकडे खात्रीने सांगितलं जातं. तसं होत नाही. स्नायूच्या पेशी वेगळ्या, चरबीच्या वेगळ्या. एकीची दुसरी होत नाही. घडतं ते असं, की काम थांबल्यावर स्नायू बारीक होऊ लागतात आणि जेवण तेवढंच राहिल्यामुळे न वापरलेली ऊर्जा चरबी होऊन साठते. एका खोलीतला भाडेकरू गेला आणि दुसरा राहायला आला, असा हा प्रकार. सुरुवातीला काटा फारसा हलतही नाही, कारण एक कमी होत असतं आणि दुसरं वाढत असतं. मात्र पँटचं बटण लागेनासं होतं. म्हणून थांबलेल्या खेळाडूने काट्याआधी शिंप्याची फीत जवळ करावी. भारतीय पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईचा ८० सेंटिमीटरच्या वर गेला, की मधुमेह आणि हृदयविकाराची भीती वाढते, असं डॉक्टर मानतात. आपल्या माणसांची चरबी पोटात लवकर जमते, म्हणून ही हद्द युरोपातल्या माणसांपेक्षा कमी ठेवलेली आहे.

आता खरा प्रश्न. श्रम थांबले तर भूकही थांबायला हवी. ती का थांबत नाही?

याचं एक फार चांगलं उत्तर आपल्याच देशात मिळालं आहे. जाँ मेयर नावाच्या आहारशास्त्रज्ञाने आपल्या भारतीय सहकाऱ्यांबरोबर पश्चिम बंगालमधल्या एका तागाच्या गिरणीतल्या माणसांचा अभ्यास केला. तो १९५६ साली प्रसिद्ध झाला. गिरणीत गाठी वाहणारे हमाल होते, यंत्रावरचे कामगार होते, कारकून होते, मुकादम होते आणि दिवसभर गल्ल्यावर बसणारे दुकानदारही होते. कोण किती खातो आणि त्याचं वजन किती, हे त्यांनी मांडून पाहिलं. हलक्या कामापासून जड कामापर्यंत जेवण श्रमाच्या प्रमाणात वाढत गेलेलं दिसलं, म्हणजे भुकेचा हिशेब चोख होता. पण अगदी बैठ्या माणसांपाशी हा हिशेब मोडला. बसून राहणारे लोक हमालांच्या तोडीचं जेवत होते आणि वजनाने सगळ्यांत जास्त होते. शरीर हलतं असेल तोवर भूक खरं बोलते, शरीर बसलं की ती गोंधळते. थांबलेल्या खेळाडूची अडचण नेमकी हीच आहे. त्याला भूक लागते ती कालच्या श्रमाची, आणि घरचे वाढतातही त्याच हिशेबाने.

कोल्हापूरकडच्या तालमीत ‘खुराक’ असा स्वतंत्र शब्द आहे. दूध, तूप, बदाम, थंडाई, मटणाचा रस्सा हे पैलवानाचं साधं जेवण नव्हे, तो त्याच्या जोर-बैठकांचा दुसरा भाग. पहाटे हजार बैठका मारणाऱ्याला ते पचतं. मार्च २०२० मध्ये करोनामुळे तालमी बंद झाल्या, गावोगावच्या जत्रांतली मैदानं रद्द झाली. जानेवारी २०२० मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली, ती पुढे थेट एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्यात झाली. सव्वादोन वर्षं! ज्या मुलांना गावी शेतात काम मिळालं ती त्यातल्या त्यात बरी राहिली, कारण कुदळ हीही एक कसरतच. बाकीच्यांपुढे मोठा पेच होता. खुराक सोडावा तर अंग उतरेल आणि चालू ठेवावा तर पोट सुटेल.

आपल्या कोकणाला ही सुट्टी दरवर्षी मिळते. जूनमध्ये पाऊस लागला, की मातीचं मैदान चिखल होतं आणि सप्टेंबर संपेपर्यंत कबड्डी बंद. मॅट आणि बंदिस्त सभागृहं आली आहेत, पण ती सगळ्या गावांच्या वाट्याला कुठली? आमच्या लहानपणीही मैदान चार महिने बंदच असे, पण मुलं पावसाळ्यात सुटत नसत. मैदान बंद झालं की शेत सुरू व्हायचं. नांगर, चिखलणी, लावणी, बेणणी. त्यात घरात येणारं अन्नही आपोआप बदलायचं. यांत्रिक मासेमारी जून-जुलैत बंद, त्यामुळे ताजी मासळी बेताची. मग कुळथाची पिठी, सुकट, जवळा, आणि रानात उगवलेला टाकळा, कुर्डू, भारंगी. आता त्याच घरातला मुलगा लावणीला जात नाही. शेत तरी कुठे सगळ्यांचं राहिलं आहे! तो चार महिने मोबाइल घेऊन पडवीत बसतो आणि ताट मात्र मे महिन्यातलंच असतं. वर काजू, फणसाचे तळलेले गरे, आंबापोळी.

थोडा हिशेब करून पाहू. दीड-दोन तासांच्या कसून सरावात सत्तर-ऐंशी किलोचा मुलगा साधारण सहाशे-सातशे कॅलरी खर्च करतो. सराव थांबला आणि भूक अर्धवटच कमी झाली, तर रोजच्या चारशे कॅलरी शिल्लक राहतात असं धरू. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी. एकशेवीस दिवसांचे अठ्ठेचाळीस हजार, म्हणजे कागदावर सहा किलो. प्रत्यक्षात शरीर थोडी जुळवाजुळव करतं आणि आकडा जरा कमी येतो. तरी चार-पाच किलो कुठून आले याचा उलगडा होतो. आणि चारशे कॅलरी म्हणजे काही मेजवानी नव्हे. तीन मोठे चमचे तूप, किंवा पाऊणशे ग्रॅम काजू. बोलता बोलता संपतात.

हे सगळं मला नीट समजून घ्यावं लागलं ते माझ्या भाच्यामुळे. डाव्या बाजूचा चढाईपटू, वय तेवीस. एका स्पर्धेत पकडीत गुडघा वळला आणि लिगामेंट गेलं. शस्त्रक्रिया, मग पट्टा, मग काठी. नऊ-दहा महिने मैदान नाही. माझी बहीण आईच्या मायेने वाढत राहिली. मुलगा दुखणाईत, त्याला ताकद हवी. रोज तांदळाच्या भाकऱ्या, वर भात, आणि शुक्रवारी सांदणं नारळाच्या दुधाबरोबर. ऐंशी किलोचा मुलगा एक्याण्णव किलोवर गेला. डॉक्टरांनी खेळायची परवानगी दिली आणि नेमकी निवड चाचणी तीन आठवड्यांवर आली. कबड्डीत पुरुष गटाला ८५ किलोची मर्यादा आहे.

तो माझ्याकडे आला तो बेत ठरवूनच. “मामू, सहाच किलो उतरवायचेत. रात्रीचं जेवण बंद, रेनकोट घालून धावायचं आणि शेवटचे दोन दिवस पाणी बंद.”

हा बेत त्याने स्वतःच्या डोक्याने काढलेला नव्हता. मोठमोठे खेळाडू हेच करतात. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ऑगस्ट २०२४ मध्ये विनेश फोगाट ५० किलो गटात अंतिम फेरीच्या सकाळी १०० ग्रॅमने जास्त भरली आणि बाद झाली. त्यानंतर दोन दिवसांनी अमन सेहरावतने सुमारे दहा तासांत ४.६ किलो वजन उतरवलं आणि कांस्यपदक घेतलं. ही बातमी वाचून कुणालाही वाटेल, की अमनला एका रात्रीत जमलं ते आपल्याला तीन आठवड्यांत का जमू नये. पण एका रात्रीत उतरतं ते पाणी. चरबीचा एक कणसुद्धा मोठ्या मुश्किलीने जातो. आपल्या स्नायूंत आणि यकृतात साखरेचा जो साठा असतो त्यातला प्रत्येक ग्रॅम आपल्याबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून बसतो. उपाशी राहिलं की साठा संपतो, पाणी निघून जातं आणि काटा दीड-दोन किलो खाली येतो. जेवलं की ते परत येतं. ‘आठ दिवसांत तीन किलो’ अशा जाहिराती याच पाण्यावर चालतात.

अमनच्या भोवती डॉक्टर आणि प्रशिक्षक रात्रभर जागे होते. गावातल्या मुलाभोवती कोण असतं? अमेरिकेत १९९७ च्या अखेरीस महिना-सव्वा महिन्याच्या अवधीत महाविद्यालयातले तीन तरुण मल्ल वजन उतरवताना मरण पावले. रबरी कपडे घालून, उष्ण खोलीत, पाणी तोडून व्यायाम करत होते. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन कुस्तीत रबरी कपड्यांवर बंदी आली आणि नियम बदलले. आपल्याकडे मात्र प्लास्टिकचा रेनकोट घालून भाट्याच्या पुलावर धावणारी मुलं अजून दिसतात आणि त्यांचं कौतुकही होतं.

भाच्याला मी हे सगळं सांगितलं. तो रागावला. “म्हणजे मी चाचणी सोडू?” मी म्हटलं, “बेटा, नवा गुडघा, सुकलेलं अंग आणि तीन आठवड्यांचा उपास घेऊन तू चढाईला जाशील, तर ही चाचणी नाही, खेळच सुटेल.” चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही. चाचणीला गेला नाही, हे खरं. ते वर्ष हुकलं आणि त्याच्या बरोबरीचे दोघं पुढे निघून गेले. ते सल त्याच्या मनात आहे, आणि माझ्याही.

जाता जाता एक आठवण द्यायला हवी. खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ५२ किलोच्या गटात लढले आणि सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला ते ५७ किलोच्या गटात उतरले आणि देशाला पहिलं वैयक्तिक कांस्यपदक मिळवून दिलं. आपल्या अंगाला पेलेल तो गट, हाही एक मार्ग असतो. कबड्डीत तो नाही, हे मान्य.

मग आम्ही केलं काय? खास असं काहीच आणलं नाही. डबे, पावडरी, परदेशी बिया, काही नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये जी आहारसूत्रं प्रसिद्ध केली, त्यांतही प्रथिनांच्या पावडरींपासून लांब राहायला सांगितलं आहे. त्यांचं दुसरं म्हणणं आपल्या भातखाऊ मुलखाला जास्त लागू पडतं. दिवसाच्या एकूण कॅलरींपैकी ४५ टक्क्यांहून जास्त धान्यातून येऊ नयेत. आपल्याकडे न्याहारीला घावन, दुपारी भात, रात्री भाकरी आणि पुन्हा भात. धान्याचा वाटा किती होत असेल, प्रत्येकाने आपलं ताट बघावं.

भात बंद करा असं मी सांगणार नाही. कोकणी माणसाचा भात बंद केला तर तो तीन दिवस टिकतो आणि चौथ्या दिवशी टोपच जवळ ओढतो. आम्ही दोनच गोष्टी केल्या. भात डावाने न वाढता वाटीने वाढायचा, एका जेवणात एक वाटी. आणि तो शेवटी खायचा. आधी भाजी, मासळी, डाळ. पोट अर्धं भरल्यावर समोर आलेला भात आणि रिकाम्या पोटी समोर आलेला भात यांत फार फरक पडतो. साखरही मग रक्तात हळूहळू चढते. भाकरी खाल्ली तर त्या जेवणात भात नाही, ही बहिणीला सगळ्यांत कठीण गेलेली गोष्ट. “भाताशिवाय जेवण म्हणजे काय ते!” असं ती आजही म्हणते.

प्रथिनं मात्र कमी होऊ द्यायची नाहीत. हे फार महत्त्वाचं आहे, कारण नुसतं खाणं तोडलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात आणि खेळाडू वजनाला हलका, पण ताकदीलाही हलका होतो. सर्वसाधारण माणसाला शरीराच्या किलोमागे पाऊण-एक ग्रॅम प्रथिन पुरतं. वजन उतरवणाऱ्या खेळाडूला दीड ग्रॅमच्या आसपास लागतं. रत्नागिरीत त्यासाठी दुकानात जायची गरज काय? बांगडा, तारली, मांदेली यांत शंभर ग्रॅमला अठरा-वीस ग्रॅम प्रथिन मिळतं. अंड्यात सहा ग्रॅम. कुळीथ तर शंभर ग्रॅमला बावीसच्या घरात, आणि तो आपण गरिबाचं खाणं म्हणून बाजूला सारला. मासा तोच, पण रवा लावून तेलात सोडला की तेलाचा हिशेब वेगळा होतो. तव्यावर थोड्या तेलात परतावा, नाहीतर तिखलं करावं. नारळाच्या वाटणाचं प्रमाण निम्मं केलं. ओल्या खोबऱ्यात शंभर ग्रॅमला साडेतीनशे कॅलरी असतात, आणि आपण ते किती घालतो याचा हिशेब ठेवण्याची आपल्याकडे पद्धत नाही. आंब्याला उगाच बदनाम करतात. एक मध्यम हापूस शंभर-सव्वाशे कॅलरींचा; जेवणावर आमरसाच्या दोन वाट्या हे वेगळं प्रकरण आहे.

मधल्या काळात भाच्याने मोबाइलवर बघून बघून डोकं पिकवलं. महाराष्ट्रात २०१८ च्या सुमारास घरोघर एक वाद रंगला होता, तो आपल्याला आठवत असेल. डॉक्टर श्रीकांत जिचकारांच्या विचारावरून डॉक्टर जगन्नाथ दीक्षित सांगत होते, दिवसातून दोनदाच जेवा, पंचावन्न मिनिटांत संपवा. ऋजुता दिवेकर सांगत होत्या, दर दोन तासांनी थोडं थोडं खा. लग्नाच्या पंगतीत लोक या दोन पक्षांत विभागून बसले होते म्हणा ना! दोन्हींनी वजन उतरलेली माणसं मी पाहिली आहेत. माझ्या मते त्याचं कारण एकच. दोन्ही पद्धतींत माणूस आपण काय खातो इकडे पहिल्यांदा लक्ष देतो, आणि येता-जाता तोंडात टाकलेला फरसाण व चौथा चहा बंद होतो. सकाळ-संध्याकाळ सराव करणाऱ्या मुलाला दोनदाच जेवून भागत नाही, म्हणून आम्ही तीन जेवणं ठेवली आणि सरावानंतर एखादं केळं किंवा अंडं.

रमजानबद्दल मला नेहमी विचारतात, की महिनाभर रोजे ठेवून तुमची वजनं उतरत असतील ना? काहींची थोडी उतरतात आणि ईदनंतर परत येतात. तेरा-चौदा तासांचा उपास सुटताना समोर भजी, समोसे, गोड सरबत आणि फिरनी असेल, तर शरीर आपला हिशेब एका तासात भरून काढतं. रोजा हा काही वजन उतरवायचा उपाय म्हणून सांगितलेला नाही. पण इफ्तार खजूर, पाणी, फळं आणि साध्या जेवणावर ठेवला तर जड वाटत नाही. त्या वर्षी भाच्याने तसंच केलं. सराव इफ्तारनंतर दीड तासाने, हलका.

वजन हळूहळू उतरत गेलं. मध्ये पाच आठवडे काटा जागचा हलला नाही. हे होतंच; शरीर हलकं झालं की त्याचा खर्चही कमी होतो. अशा वेळी माणसं घाबरून अजून खाणं तोडतात. आम्ही ताट तसंच ठेवून चालणं वाढवलं आणि कमरेची फीत बघत राहिलो. साडेसात महिन्यांनी तो ८३ किलोवर आला. पूर्वीचे ऐंशी झाले नाहीत, आणि त्याला त्याची गरजही उरली नाही. गुडघ्यामुळे आता तो चढाईऐवजी कोपऱ्यात पकडीला उभा राहतो, आणि तिथे तीन किलो उपयोगी पडतात.

चाळिशीपुढच्या थांबलेल्या खेळाडूंना दोन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल, तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना भेटावं, कारण औषध तेच आणि अन्न कमी झालं तर साखर एकदम खाली जाऊ शकते. रक्तदाबवाल्यांनी सुकट आणि खारवलेल्या मासळीचं प्रमाण बेताचं ठेवावं. आणि पुन्हा मैदानावर जाल, तेव्हा पहिले पंधरा दिवस पूर्वीच्या निम्माच व्यायाम करावा. स्नायू जुनी ओळख ठेवतात आणि नवख्यापेक्षा लवकर परततात, पण सांधे आणि अस्थिबंध यांना तेवढी घाई झेपत नाही. सराव पूर्ववत झाला, की भाताची दुसरी वाटी खुशाल सुरू करावी. पावसाळा लागून मैदान बंद झालं, की त्याच आठवड्यात ती पुन्हा काढून घ्यावी.